सातबारा, शिष्यवृत्ती आणि घरातले पासवर्ड

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, महाडीबीटीवरील कृषी योजना, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आणि बँकेचे व्यवहार संगणकावर आले, तसा प्रत्येक कुटुंबावर अनेक पासवर्ड सांभाळण्याचा भार येऊन पडला. हे पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर, मोबाइलमधल्या नोंदीत, नाहीतर अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाकडे राहतात. त्यांपैकी घरात कुलूपबंद ठेवलेली वही समजली जाते तितकी वाईट नाही, कारण दूर बसलेल्या चोराचा हात तिथवर पोहोचत नाही. खरा धोका एकच पासवर्ड सर्वत्र वापरण्यात आहे, कारण एका संकेतस्थळावरून फुटलेली नावे आणि पासवर्ड चोरटे यंत्राच्या साहाय्याने इतर असंख्य ठिकाणी लावून पाहतात. आणि कराड किंवा मिरज या नावापुढे जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड तर नुसत्या अंदाजानेही सापडतो.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सर्व पासवर्ड सांकेतिक रूपात एका मुख्य पासवर्डाखाली ठेवणारा प्रोग्रॅम, हा यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय होय, आणि बिटवॉर्डन व कीपास हे त्यांतले विनामूल्य मिळणारे. मुख्य पासवर्ड मात्र चार-पाच असंबद्ध शब्दांचा, लांब असावा. ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा संकेतांक, फोनवरून मागणाऱ्या कोणालाही सांगू नये, आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.