हजेरीपटावरील गैरहजेरी

बोटांचे ठसे घेऊन हजेरी नोंदविणारी यंत्रे आता कचेऱ्याकचेऱ्यांतून बसली आहेत. माणूस जागेवर आहे एवढे ती सांगतात. त्याचे मन कामात आहे की नाही, हे त्यांना कळत नाही. कर्मचाऱ्याने कामातून मन काढून घेतले की, त्याचे खापर त्याच्या आळसावर फोडण्याची रीत आहे. ही रीत न्याय्य आहे काय?

अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत १९५३ साली ए. के. राइस या ब्रिटिश संशोधकांनी केलेला प्रयोग या संदर्भात स्मरणीय आहे. तेथे नवे स्वयंचलित माग आले होते. कामाचे बारीक तुकडे करून ते १२ प्रकारच्या कामगारांना वाटून दिले होते. तरी उत्पादन वाढेना. ठराविक मागांची सर्व जबाबदारी एकेका लहान गटाकडे सोपवावी, असे राइस यांनी सुचविले. कामगारांनी ती कल्पना उचलून धरली व आपले गट आपणच जुळविले. पुढे उत्पादन वाढले, कापडाची नासाडी घटली. माणसे तीच होती, मागही तेच होते.

ज्याच्या वाट्याला कामाचा केवळ तुकडा येतो आणि ज्याचे म्हणणे कोणी विचारीत नाही, तो प्रथम सूचना करणे सोडतो, मग आस्था सोडतो. नोकरी मात्र पोटासाठी धरून ठेवतो. पुरेसे वेतन तर हवेच. पण त्याबरोबर चालकांनी हजेरीपट उघडण्यापूर्वी आपली कामाची वाटणी एकदा तपासावी, असे आम्हांस वाटते.