दाल पुरी आणि माझा डबा

"खायाले काय भेटन वो तिथं?"

मॉरिशसला जायचं ठरलं आणि दर्यापुरात भेटेल त्या बाईनं मला हाच प्रश्न विचारला. तिकीट केवढ्याचं, समुद्र कसा, विमानात भीती वाटते का, हे कुणीच विचारेना. सासूबाईंनी तर निर्णयच देऊन टाकला. "मासोळ्या अन् सारं एकाच भांड्यात शिजवतेत म्हणे. तू आपलं संगं घेऊन जाय बाप्पा!"

अमरावतीच्या कॉलेजात असताना ह्यांच्या खोलीवर राहणारे एक मित्र आहेत. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो. बरीच वर्षं ते मॉरिशसमधल्या एका कापड कारखान्यात नोकरीला आहेत. आपण पऱ्हाटीच्या मुलखातले, आणि आपला माणूस सातासमुद्रापलीकडे शर्ट शिवणाऱ्या कंपनीत! दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, "या ना लेकहो एकदा." शेवटी २०२३ च्या भाऊबीजेनंतर शाळेच्या सुट्ट्यांत आम्ही दोघं निघालो. रिकरिंगचे पैसे मोडले. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही!

बॅग मात्र मी मनासारखी भरली. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, जवसाची चटणी, तिळाची चटणी, कुरड्या, सरगुंडे. वहिनींनी अंबाडीचं बी मागितलं होतं, पण बी-बियाणं परवान्याशिवाय तिकडे नेता येत नाही, म्हणून ते राहिलं. जवसाच्या चटणीची पुडी उघडल्याबरोबर वहिनींनी नुसता वास घेतला आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी काही बोलले नाही.

मुंबईहून विमानाला सहा-एक तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. उतरल्यावर पहिलं काय दिसलं असेल तर गुलमोहर! नोव्हेंबर महिन्यात लालेलाल फुललेला. विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे असतात हे भूगोलात घोकलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं तेव्हा खरं वाटलं. हे म्हणाले, "आपल्याकडं मे महिन्यात परीक्षेचे पेपर तपासताना जो दिसतो तोच हा."

भाऊजी वाक्वा या गावी राहतात. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला जवळच्या रोज हिलला नेलं. तिथं 'देवा' यांची दाल पुरी प्रसिद्ध आहे. लोक रांगेत उभे. ऑफिसात जाणाऱ्या मुली, शाळेची पोरं, ड्रायव्हर, सगळे. दाल पुरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तळलेली टम्म पुरी. पण ही निघाली पोळी! पिवळसर, मऊ, पातळ, हाताच्या दोन पंजांएवढी. दोन-दोनच्या जोडीनं देतात. जोडीला तिथल्या क्रिओल बोलीत 'पेर' म्हणतात. वरून पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा म्हणजे 'रूगाय', मिरचीची चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात. उभ्यानं खायचं. हातावर रस्सा ओघळतो, तो आवरता आवरता निम्मी मजा.

पहिला घास घेतला आणि मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे. "अवो, हे तं आपलं पुरणच हाय, बिनागुळाचं!" ह्यांनी तीन पेर खाल्ले. घरी एका पोळीवर डॉक्टरचं नाव सांगणारा माणूस!

मग पुढचे चार दिवस आम्ही खातच सुटलो. 'गातो पीमां' म्हणजे मिरचीचा केक असं भाऊजींनी सांगितलं तेव्हा मी घाबरले होते. तो निघाला आपला डाळवडा. तिथले लोक तो लोणी लावलेल्या पावात घालून न्याहारीला खातात. पराठ्याला फराटा, चटणीला साटिनी, वांग्याला ब्रेंझेल. वांगं भाजून, कांदा-मिरची-तेल घालून कालवतात, त्याला 'साटिनी ब्रेंझेल' म्हणतात. म्हणजे भरीत! शेवग्याच्या पाल्याला 'ब्रेद मुरुम', त्यातला मुरुम हा तमिळ मुरुंगैवरून आलेला. पोर्ट लुई या राजधानीच्या बाजारात पिल्ले यांच्या दुकानात 'आलूदा' प्यालो. सब्जाचं बी घातलेलं थंडगार दूध, आपल्या फालुद्याचं भावंड. एका बाजारात बिहार, तामिळनाडू, चीन, फ्रान्स, आफ्रिका अशा सगळ्यांची स्वयंपाकघरं शेजारी शेजारी लागलेली.

हे सगळं तिथं आलं कसं, ते आप्रवासी घाटावर कळलं. पोर्ट लुईच्या बंदराला लागूनच आहे. पूर्वी त्याला 'कुली घाट' म्हणत. १८३५ मध्ये मॉरिशसमध्ये गुलामी बंद झाली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून आधीच्याच वर्षापासून इंग्रजांनी हिंदुस्थानातून कराराचे मजूर आणायला सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ जण आले. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, काही तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकणातली मराठी माणसं. घाटावर दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला मजूर त्या चढून वर यायचा. मग त्याला नंबर मिळायचा. २००६ पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मळ्यावर मजुरीबरोबर शिधा मिळायचा. तांदूळ, डाळ, मीठ, तेल, सुकी मासळी. मी त्या पायऱ्यांवर उभी राहून विचार करत होते की या शिध्यातून एखाद्या बाईनं सणाच्या दिवशी काय केलं असेल. डाळ वाटून पोळीत भरली असेल. दाल पुरी मुळात बिहारची, पण आपल्यालाही ती ओळखीची वाटते, कारण डाळ शिजवून कणकेत भरायची ही बुद्धी आपल्या सगळ्याच बायांची.

तर अशी मी मोठ्या भक्तिभावानं घाट पाहून आले, आणि दुसऱ्याच दिवशी जे केलं ते आता सांगते. सांगायला बरं वाटत नाही.

भाऊजींच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहतं. मराठी म्हणजे सहा-सात पिढ्यांपूर्वी रत्नागिरीकडून आलेलं. घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. बोलतात क्रिओल, पण आरती आणि भजनं मराठीत तोंडपाठ. सून शाळेत मराठी शिकवते. हो, तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. गणपतीत बाया-पुरुष 'झाकरी' नाचतात, म्हणजे कोकणातली जाखडी. ही माणसं थोडी आहेत, पण धरून आहेत. "दर्यापूरचे पाहुणे आलेत" म्हणून आजींनी आम्हाला जेवायला बोलावलं.

त्यांच्या घरात पाय ठेवला आणि माशाचा वास आला. कोकणातली माणसं, समुद्राच्या काठाशी राहणारी, मासे खाणारच. आमच्यासाठी त्यांनी मुद्दाम दाल पुरी, भोपळ्याची भाजी आणि खीर केली होती. मी ओट्याकडे पाहिलं. एकच तवा, एकच झारा. मी सुनेला हळूच विचारलं, "तवा वेगळा आहे ना?" ती गोंधळली. मग मी हसत हसत पिशवीतून माझा डबा काढला. "आमचं जरा पथ्य असतं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," असं म्हणून दशमी आणि चटणी ताटात वाढून घेतली. भाऊजी आणि वहिनी गप्प. ह्यांनी मात्र दाल पुरी घेतली, भाजी घेतली, खीर दोनदा घेतली.

आजींनी माझ्या डब्याकडे पाहिलं आणि सुनेला क्रिओलमध्ये काहीतरी विचारलं. सून म्हणाली, "काही नाही, काही नाही." मीच खोदून विचारलं. तेव्हा ती तिच्या पुस्तकी मराठीत म्हणाली, "आजी विचारतात, बाईंना बरे नाही का? आजारी माणूसच दुसऱ्याच्या घरी स्वतःचे अन्न आणतो."

मी म्हटलं, तसं नाही, आमच्याकडे रीत असते. सुनेनं ते सांगितलं. आजी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, आणि हे मराठीतच म्हणाल्या, "बोटीत एक चूल."

एवढंच. रागानं नाही. मला समजावं म्हणून.

रात्री झोप लागेना. मैत्रिणींनो, मी इथं दर्यापुरात बचत गटांचं काम करते. गावाबाहेरच्या वस्तीतल्या आमच्या एका गटात एक बाई आहे. हिशेब तिच्याइतका चोख कुणाचा नाही. पण बैठक तिच्या घरी असली की निम्म्या बायांचा उपास निघतो. कुणाची चतुर्थी, कुणाचं पोट बिघडलेलं. तिनं केलेला चहा तसाच थंड होतो. यावर मी किती बोलले असेन! ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला माईक हातात घेऊन बोलले आहे. आणि 'आमचं पथ्य असतं' हेच शब्द, अगदी हेच, मी त्या बायांच्या तोंडून ऐकून त्यांना टोकलेलं आहे. आता कुणी म्हणेल, मासे न खाणं वेगळं आणि चहा न पिणं वेगळं. आहेच वेगळं. मी आजही मासे खात नाही. पण त्या ताटात मासा नव्हता. आजींनी आमच्यासाठी केलेली दाल पुरी होती, आणि मी तव्याचं विचारलं होतं.

ह्यांना उठवून म्हटलं, "माझं चुकलं का हो?" हे कूस बदलत म्हणाले, "पुरी बाकी चांगली होती." यांच्याकडून मला इतकंच मिळतं, पण त्यात सगळं येतं.

सकाळी उठून मी एकटीच शेजारी गेले. रिकाम्या हातानं. सुनेला म्हटलं, आजींना सांग, मला दाल पुरी शिकवा. आजी काहीच न बोलता आत गेल्या आणि वाटीभर डाळ घेऊन आल्या. ही डाळ हरभऱ्याची नव्हे, पिवळ्या वाटाण्याची. ती हळद घालून शिजवायची, पण गाळ होऊ द्यायची नाही. बोटांत दाबली की मोडली पाहिजे आणि कोरडी राहिली पाहिजे. पाणी निथळून बाजूला ठेवायचं. डाळ भाजलेल्या जिऱ्याबरोबर अगदी बारीक दळायची, पिठासारखी. पुरणासारखी ओलसर नको. मैदा थोडं तेल घालून सैल मळायचा, भिजू द्यायचा, मग गोळ्यात डाळीची पूड ठासून भरायची आणि हलक्या हातानं लाटायची. तव्यावर तेलाचा हात फिरवून भाजायची, पण डाग पडू द्यायचे नाहीत. आणि उतरवल्याबरोबर एकावर एक ठेवून फडक्यात झाकायची, म्हणजे मऊ राहते.

माझी पहिली फाटली. आजी हसल्या. दुसरी फाटली तेव्हा त्यांनी माझं लाटणं काढून घेतलं. आमच्या सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला पुरणपोळी करताना असंच काढून घेतलं होतं. त्याच तव्यावर भाजलेली फाटकी पुरी मी तिथंच, ओट्याशी उभी राहून खाल्ली. आजींनी वर मिरचीची साटिनी घातली. डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीचं, असं मी सुनेला सांगितलं.

परत आल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा डब्याचं विचारलं. निम्म्या दशम्या वहिनींना देऊन आले, असं सांगितलं. ते खरंही होतं.

पुढच्या महिन्याची गटाची बैठक मी मुद्दाम त्या वस्तीतल्या बाईच्या घरी ठेवली. भाषण केलं नाही. तिच्याच चुलीवर, तिच्याच तव्यावर दाल पुरी करायला घेतली. डाळ आपल्या खारपाणपट्ट्यातल्या हरभऱ्याची, चव आजींच्या पुरीपेक्षा खमंग आली. सोळा बाया होत्या. नऊ जणींनी खाल्लं. सात जणींना नेहमीप्रमाणे उपास होता. त्यातल्या एकीनं जाताना दोन पुऱ्या 'लेकरासाठी' म्हणून पदरात बांधून नेल्या. लेकराच्याच पोटात गेल्या की नाही, मी विचारलं नाही.

पुऱ्या मात्र सगळ्या फाटल्या. मी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर त्या सुनेला पाठवला. संध्याकाळी उत्तर म्हणून आजींच्या आवाजातलं क्रिओल आलं, आणि त्याखाली सुनेनं मराठीत लिहिलं होतं: "आजी विचारतात, डाळीचे पाणी कुठे गेले? त्यानेच मैदा मळायचा असतो."

ते पाणी मी सवयीनं फोडणीला घालून कटाची आमटी करून टाकली होती.