कवच गावी, रुग्ण कुंभकोणमला

सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्यासाठी दक्षिणेच्या सराफ बाजारांत, कुंभकोणम्सारख्या गावांत पोचतो, तेव्हा शिधापत्रिका बहुधा मागे गावीच राहते. आरोग्यविम्यात मात्र हाच कागद निर्णायक ठरतो.

विमा योजनेत तामिळनाडू महाराष्ट्राच्या पुढे होता. करुणानिधींनी जुलै २००९ मध्ये ‘कलैञर’ योजना आणली. सत्तांतरानंतर जयललितांनी ती गुंडाळून जानेवारी २०१२ मध्ये नव्या नावाने पुन्हा मांडली. वैर नावाशी होते, विम्याशी नव्हे! या योजनेत परप्रांतीयांनाही वाव आहे. अट सहा महिन्यांच्या वास्तव्याच्या दाखल्याची. भाड्याच्या गाळ्यात राहणाऱ्या, तमिळ लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला हा दाखला मिळवणे म्हणजे कचेरीचे खेटे आणि बुडालेली रोजी.

महाराष्ट्राने महात्मा फुले योजनेचे कवच पाच लाखांवर नेले आणि २०२३ मध्ये कर्नाटकाचा विरोध पत्करून सीमाभागातील ८६५ गावांनाही ते देऊ केले. ते योग्यच झाले. पण सीमाभागासाठी जी तत्परता दिसली, ती कावेरीकाठच्या मराठी माणसाच्या वाट्याला आलेली नाही. आयुष्मान भारतच्या यादीतील कुटुंबाला परराज्यातही उपचार मिळू शकतात. केवळ राज्याच्या शिधापत्रिकेवर पात्र ठरलेल्याची ती सोय नाही. या दोन गटांतला फरक कित्येकांना रुग्णालयाच्या खिडकीशीच कळतो.

मूळ दुखणे तर विम्याच्या व्याख्येतच बसत नाही. नायट्रिक आम्लाचा धूर वर्षानुवर्षे छातीत जातो. त्यातून जडणारा खोकला, दम यांवर बाह्यरुग्ण विभागात उपचार होतात, आणि या योजना मुख्यत्वे दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च उचलतात. कामगार राज्य विमा साधारणतः दहा कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होतो. गलाईच्या गाळ्यात असतात दोघे-चौघे.

उरते सरकारी रुग्णालय. तामिळनाडूची औषधखरेदी १९९५ पासून एकाच महामंडळामार्फत होते, त्यामुळे तेथे औषधे बहुधा विनामूल्य मिळतात, कार्डावाचून. जवळच्याच तंजावरात सरफोजीराजांनी दोनशे वर्षांपूर्वी धन्वंतरी महाल उभारून उपचारांची सोय केली होती. आज त्याच मुलखातील मराठी कारागीर रांगेत उभा राहतो तो गाळा बंद ठेवून. आणि गाळा बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद.