सोन्याचा कण आणि थांबणारे भांडवल

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून निघालेली वस्तू रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठातील नाओमी हालास यांची कारकीर्द त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. त्यांची पीएच.डी. पदार्थविज्ञानातील; प्रकाश आणि धातू यांचा परस्परसंबंध हा त्यांचा विषय. त्याचा वैद्यकाशी संबंध येईल, असे प्रारंभी फारसे कोणास वाटले नसते.

१९९८ साली त्यांच्या गटाने ‘नॅनोशेल’विषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. वाळूचे मुख्य द्रव्य जे सिलिका, त्याचा अतिसूक्ष्म गोळा आणि त्यावर सोन्याचा पातळ थर, अशी ही रचना. उपचारासाठी वापरावयाचा कण सुमारे १५० नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या पन्नासाव्या हिश्शाइतका. खरी मेख आहे ती थराच्या जाडीत. गाभा व थर यांचे प्रमाण बदलले की कण कोणता प्रकाश शोषील, तेही बदलते. हे प्रमाण नेमके साधल्यास तो अवरक्त प्रकाश शोषतो. आणि डोळ्यांस न दिसणारा हा प्रकाश दृश्य प्रकाशापेक्षा शरीरात अधिक खोल शिरतो.

येथे जैव-अभियंत्या जेनिफर वेस्ट यांचे सहकार्य मोलाचे ठरले. कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, म्हणून गळक्या असतात. रक्तात सोडलेले कण त्यांतून पाझरून गाठीत साचतात. मग लेसर टाकला की कण तापतात व गाठ भाजून निघते. शेजारचा निरोगी भाग बहुतांशी वाचतो. उंदरांवरील निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांवरील चाचणीचा अहवाल यावयास २०१९ साल उजाडले. तीत लेसर बारीक तंतूंवाटे थेट ग्रंथीत नेला होता. १५ जणांवर उपचार पूर्ण होऊ शकला.

मधली सोळा वर्षे कोठे गेली? सोन्याचे नाव निघताच आपल्याकडे प्रथम भावाची चौकशी होईल. परंतु येथे सोने लागते ते अत्यल्प. खर्च असतो चाचण्यांचा आणि प्रतीक्षेचा. पेटंटची मुदत साधारणतः अर्जापासून वीस वर्षांची. तिचा मोठा भाग चाचण्यांतच सरला, तर कमाईस उरते ते काय? खाजगी भांडवल अशा ठिकाणी कचरते यात नवल नाही, आणि मूलभूत संशोधनाचा भार सार्वजनिक निधीवर पडतो तो यामुळेच. हालास व वेस्ट यांना स्वतःच नॅनोस्पेक्ट्रा ही कंपनी काढावी लागली, हेही येथे ध्यानात घ्यावे.

शिवाय १६ रुग्ण म्हणजे सिद्धता नव्हे. रूढ शस्त्रक्रियेशी तुलना करावयाची तर कितीतरी अधिक रुग्ण हवेत. आणि हा रोग बहुधा संथ गतीने वाढणारा असल्याने निकालासाठी पुन्हा वर्षानुवर्षे थांबावे लागते.