मोटारीचें इंजिन : हातानें करावयाची सफाई

आमच्या शाळेच्या फाटकाशीं सकाळीं उभ्या राहणाऱ्या मोटारी पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. बाहेरून त्या आरशाप्रमाणें चकचकीत असतात. कांचेवर बोट उमटलेलेंही मालकास खपत नाहीं. पण बॉनेट उचलून पाहूं गेल्यास आंत लाल मातीचा थर, वाळलेलीं पानें, क्वचित् उंदरानें आणून ठेवलेला कापूस, आणि या सर्वांवर तेलाचें काळें किटण, असा देखावा दृष्टीस पडतो. ही जागा घरच्या घरीं, हातानें व थोडक्या पाण्यांत कशी स्वच्छ करावी, आणि मुळांत ती स्वच्छ कां करावी, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें कांहीं पालकांस वाटेल. ज्या प्रसंगानें आम्हांस हें शिकविलें तोच प्रथम सांगतों.

२०१९ सालच्या मे महिन्यांत, पावसाळ्यापूर्वीं मोटार स्वच्छ असावी म्हणून आम्हीं ती धुलाईच्या एका दुकानीं नेली. तेथील माणसानें बॉनेट उघडून जोरदार फवारा मारला आणि पांच मिनिटांत सारें इंजिन लखलखीत करून दिलें. आम्ही संतुष्ट होऊन घरीं आलों. दुसऱ्या दिवशीं पहाटे आमच्या मातोश्रींस धाप लागली, आणि गांवच्या डॉक्टरांनीं त्यांस तांतडीनें कोल्हापुरास नेण्यास सांगितलें. साखरप्यापर्यंत मोटार ठीक चालली. आंबा घाटाची चढण लागतांच मात्र ती धक्के खाऊं लागली. मिस्त्री लोक ज्याला 'मिसिंग' म्हणतात तेंच हें. दुसऱ्या वळणाच्या पुढें तिच्यांत चढण्याचें बळच उरलें नाहीं. अखेर एका अनोळखी टेंपोवाल्यानें मातोश्रींस आपल्या शेजारीं बसवून घाटावर पोंचविलें व तेथून दुसरें वाहन मिळालें. त्या वांचल्या, पण वळणावर उभें राहून घालविलेला तो वेळ आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

पुढें मिस्त्रीनें इंजिनावरील कॉइल उपसून दाखविली, तेव्हां स्पार्क प्लगच्या खोलगट भोंकांत चमचाभर पाणी साठलेलें निघालें. आतां प्रश्न असा कीं, तीस मैल सुरळीत चाललेली मोटार घाटांतच कां अडावी? विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं येथें थोडें लक्ष द्यावें. पेट्रोल पेटविणारी ठिणगी प्लगच्या दोन टोंकांमधील अरुंद फटींतून उडते, व त्यासाठीं बॅटरीच्या १२ व्होल्टांचे कॉइलमध्यें अनेक हजार व्होल्ट करावे लागतात. सिलिंडरांतील दाब जितका अधिक, तितकी ही फट ओलांडणें विजेस कठीण. सपाटीवर इंजिनावर भार थोडा, त्यामुळें दाबही थोडा, आणि ठिणगी कशीबशी पडत राहते. चढणीवर पाय दाबला कीं दाब वाढतो. मग वीज ती कठीण वाट सोडून प्लगच्या बाहेरील ओल्या अंगावरून परस्पर लोखंडांत उतरते. शुद्ध पाणी विजेचें चांगलें वाहक नव्हे हें खरें. परंतु धूळ, क्षार व साबण मिसळलेलें पाणी निराळें.

पावसांत मोटारी चालतातच कीं, असा आक्षेप आमच्या नववीच्या वर्गांत एका मुलानें घेतला, व तो रास्त होता. पावसाचें पाणी बॉनेटखालीं शिंतोड्यांच्या रूपानें येतें, आणि तारांच्या जोडांवरील रबरी कडीं तेवढ्यासाठीं पुरेशीं असतात. धुलाईच्या यंत्राचा फवारा वातावरणाच्या दाबाच्या शंभर पटींच्या आसपास जोरानें बाहेर पडतो, आणि तोही हातभर अंतरावरून. इतक्या जोरापुढें तें रबर टिकेलच असें नाहीं. शिवाय आजच्या इंजिनावर असे जोड डझनांनीं असतात. एकांत ओल राहिली तरी आंतील तांब्यावर हिरवट गंज चढतो, आणि बिघाड उमटतो तो महिन्यांनंतर, जेव्हां धुलाईची आठवणही राहिलेली नसते.

एक गैरसमज येथेंच दूर करूं. इंजिन बाहेरून स्वच्छ केल्यानें मोटार अधिक वेगानें पळत नाहीं कीं पेट्रोल कमी खात नाहीं. मग ही खटपट कशासाठीं? आमच्या मतें पाहण्यासाठीं. मळलेल्या इंजिनावर नवी गळती दिसत नाहीं. स्वच्छ इंजिनावर तेलाचा एक थेंबही चटकन् नजरेस येतो. आणि हातानें पुसतांना प्रत्येक नळी, प्रत्येक तार बोटांखालून जाते. फवारा मारणारा माणूस इंजिन धुतो, पण तें पाहत नाहीं.

आतां कृति. मोटार रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतांना कामास लागावें. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडल्यास त्यास तडा जाण्याचें भय असतें, आणि हात भाजतो तो निराळाच. रेडिएटरचें झांकण तर गरम असतांना कधींही उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाहीं. झांकण फिरवितांच तें एकदम उसळून तोंडावर येतें. किल्ली काढून खिशांत ठेवावी, कारण कित्येक मोटारींचा पंखा इंजिन बंद असतांही आपण होऊन फिरूं लागतो. आंगठी व मनगटावरील धातूचें घड्याळ उतरून ठेवावें. मग बॅटरीचें ऋण टोंक प्रथम सोडवावें. त्यास बहुधा दहा नंबरचा पाना लागतो. धन टोंक आधीं सोडूं गेल्यास पाना मोटारीच्या अंगास टेकून मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायु असण्याचा संभव असतो. ज्या नव्या मोटारी विजेवर किंवा पेट्रोल व वीज अशा दोहोंवर चालतात, त्यांतील नारिंगी रंगाच्या जाड तारांस मात्र कोणींही हात लावूं नये. त्यांचें काम शिकलेल्या माणसाचें.

प्रथम पाण्यावांचून सफाई करावी. पानें हातानें वेंचावीं. पुढील कांचेखालच्या पन्हळींतील पानें विशेष काळजीनें काढावीं. तीं कुजून तेथील भोकें बुजलीं म्हणजे पावसाचें पाणी मोटारीच्या आंत उतरतें. रंग देण्याचा जुना ब्रश घेऊन कोरडी धूळ झाडावी. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत किडे व माती अडकलेली असते. तेथें ब्रश हलक्या हातानें, पत्र्यांच्या दिशेनेंच फिरवावा, कारण ते बोटाच्या दाबानेंही वांकतात. अर्धें काम येथेंच होतें.

नंतर हवा ओढून घेणारें तोंड, फ्यूजची पेटी, वीज उत्पन्न करणारा आल्टरनेटर व कॉइली यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधाव्या. अर्धी बादली पाण्यांत भांडीं घासण्याचा पातळ साबण थोडा मिसळावा. पाणी ओतूं नये. ब्रश बुडवून, झटकून, किटण असेल तेथेंच घासावें, आणि लागलीच पिळलेल्या फडक्यानें टिपून घ्यावें. दुसरें फडकें स्वच्छ पाण्यांत पिळून साबण उतरवावा. रॉकेलनें किंवा डिझेलनें इंजिन पुसण्याची जुनी चाल आहे. किटण त्यानें झटकन् निघतें खरें, पण रबरी नळ्या फुगून मऊ पडतात आणि मागें राहिलेला ओशटपणा नवी धूळ धरून ठेवतो. पेट्रोलचें तर नांवही काढूं नये. त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरत जाते, व दूरच्या ठिणगीनेंही पेट घेते.

बॅटरीच्या टोंकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असल्यास ती आम्लाची करणी समजावी. खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून ब्रशानें लावावा. फसफसणें थांबलें म्हणजे पुसून घ्यावें. ती भुकटी डोळ्यांत जातां कामा नये.

फडकीं मोजून न्यावीं. चार नेलीं तर चार परत आलीं पाहिजेत. धुराच्या नळीजवळ विसरलेलें तेलकट फडकें मोटार चालूं झाल्यावर पेट घेऊं शकतें. घाण पाणी विहिरीच्या बाजूस किंवा गटारांत सोडूं नये, ही विनंती कोंकणांतील पालकांस विशेष आहे; आपला जांभा दगड सच्छिद्र, आणि अंगणांतील विहीर चार पावलांवर. काळें तेल टिपलेलीं फडकीं जुनें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत द्यावीं.

पिशव्या सोडून, बॉनेट उघडें ठेवून, दोन तास वाळूं द्यावें. बॅटरीचें ऋण टोंक शेवटीं जोडावें. मग इंजिन चालूं करून दहा मिनिटें कान देऊन ऐकावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः एकदां बॉनेट उचलावें. हीच खरी वेळ. झांकणाच्या सांध्याशीं तपकिरी ओल दिसली तर तें इंजिनाचें तेल. नळीच्या टोंकाशीं गुलाबी किंवा हिरवी, गोडसर वासाची खपली दिसली तर तें रेडिएटरचें कूलंट. तें विषारी आहे. लहान मुलें व कुत्रीं यांस त्यापासून दूर ठेवावें. ब्रेकच्या तेलाची टांकी मात्र कोरडी असलीच पाहिजे. तेथें ओल आढळल्यास मोटार मिस्त्रीस दाखविल्याविना रस्त्यावर काढूं नये.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही अशीच सफाई करीत असतां वर सांगितलेला नववीचा विद्यार्थी मदतीस आला होता. रेडिएटरच्या खालच्या नळीवरून फडकें फिरवितां फिरवितां तो थांबला व म्हणाला, "सर, इथें बोट चिकटतंय." नळी बाहेरून धडधाकट दिसत होती. कडी सैल करून ती वाकविली, तेव्हां पट्टीखालीं बोटाच्या पेराएवढी चीर निघाली. दुसऱ्या दिवशीं मातोश्रींस तपासणीकरितां त्याच घाटानें न्यावयाचें होतें. आम्हीं त्याच संध्याकाळीं नवी नळी बसवून घेतली.