अंतिम कुस्तीचे नवखे प्रेक्षक

कडेगावच्या मोहरमला दरवर्षी पंचक्रोशीबाहेरून माणसांचे लोंढे येतात. उंचच उंच ताबुतांच्या भेटी पाहायच्या आणि परतायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम असतो. हे ताबूत आधी कळस आणि मग पाया अशा उलट्या क्रमाने बांधले जातात, त्यामागे हिंदू-मुसलमान हातांची पिढ्यान्‌पिढ्यांची कसबी परंपरा आहे, याची कल्पना त्यांतल्या अनेकांना नसते. ते केवळ उंची पाहतात आणि थक्क होतात. त्यांच्या अज्ञानाबद्दल गाव त्यांना हिणवत नाही. उलट विचारणाऱ्याला कोणीतरी कौतुकाने माहिती सांगतो.

कुस्तीच्या बाबतीत मात्र हे औदार्य अलीकडे आटत चालले आहे. वर्षभर ज्याने कुस्तीचे नाव काढले नाही, तो ‘महाराष्ट्र केसरी’च्या अंतिम दिवशी पडद्यासमोर बसतो आणि निकाल लागताच पंचांवर तुटून पडतो. जाणकार त्याच्याकडे तुच्छतेने पाहतात. त्याला कुस्तीतले कळत नाही, हे त्यांचे म्हणणे बहुतांशी खरेही असते. परंतु त्याला का कळत नाही आणि ते कळवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यांच्या मनात क्वचितच येतो.

१४ जानेवारी २०२३ या दिवसाचेच उदाहरण घ्यावे. पुण्यात कोथरूडला ‘महाराष्ट्र केसरी’ची स्पर्धा होती. माती विभागाच्या निर्णायक लढतीत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख समोरासमोर होते. महेंद्रने बाहेरची टांग लावली, सिकंदर खाली गेला आणि पंचांनी महेंद्रला चार गुण दिले. लढत महेंद्रच्या पारड्यात गेली. पुढे त्याच रात्री अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेने महेंद्रला अस्मान दाखवून गदा पटकावली. पण दुसऱ्या दिवशी चर्चा विजेत्याची नव्हती. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता, तो म्हणजे ते चार गुण. फिरवून फिरवून पाहिलेल्या चित्रफितींच्या आधारे लाखो माणसांनी निवाडा करून टाकला. पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली आणि काहींनी तर पराभवाला धर्माचा रंग देण्यापर्यंत मजल मारली. ज्या मुलखात एका गावचे ताबूत सारे गाव मिळून उभे करते, तिथल्या माणसांना हे वाचताना काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

वाद नेमका कशाचा होता? सिकंदर खाली गेला याविषयी दुमत नव्हते. प्रश्न होता तो त्याच्या पाठीचा. ती जमिनीकडे वळून धोक्याच्या कोनात आली होती की तो कुशीवर पडला, यावर गुणांचा आकडा अवलंबून होता. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रतिस्पर्ध्याला खाली आणून त्याच्या पाठीमागे ताबा मिळवला, की दोन गुण मिळतात. उभ्या स्थितीतून फेकून त्याची पाठ थेट धोक्यात आणली, तर चार. फेक फारच उंचावरून आणि भव्य असेल तर पाच. रिंगणाबाहेर ढकलले तर एक. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, दहा गुणांची आघाडी झाली तर कुस्ती तिथेच संपली. गुण समसमान झाले तर मोठ्या किमतीचा डाव कोणी केला ते पाहायचे, तेही सारखे असेल तर ताकिदी कोणाला कमी मिळाल्या ते पाहायचे, आणि तेही सारखेच असेल तर शेवटचा गुण कोणी घेतला त्यावर निकाल द्यायचा. पंचाच्या एका मनगटावर लाल पट्टी असते, दुसऱ्यावर निळी. ज्या रंगाच्या पैलवानाला गुण द्यायचा, तो हात वर करून बोटे दाखवायची. निर्णय मान्य नसेल तर चित्रीकरण पाहण्याची मागणी करता येते, पण ती फेटाळली गेली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण जातो. हे सारे एका परिच्छेदात मावते. मात्र अंतिम कुस्ती पाहायला बसलेल्या किती जणांना ते आधी कोणी सांगितले होते?

येथे कुस्तीच्या दोन निराळ्या मापांचा विचार करावा लागतो. कडेगाव, विटा, कुंडल, भाळवणी या पट्ट्यातला माणूस कुस्तीला परका नाही. कुंडलचे मैदान नामांकित आहे. लागोपाठ २००७ आणि २००८ साली महाराष्ट्र केसरी झालेला चंद्रहार पाटील भाळवणीचा. १९६१ साली औरंगाबादला झालेल्या पहिल्याच स्पर्धेतला विजेता, दिनकर दह्यारी, हाही सांगली जिल्ह्याचाच. तरीसुद्धा हा माणूस कुस्ती शिकला तो यात्रेच्या फडात, आणि फडाचे माप एकच असते. पाठ लागली की कुस्ती झाली. निकाली कुस्तीत चितपट होणे हे हौद्याच्या कडेला उकिडव्या बसलेल्या पोराला दिसते आणि पलीकडच्या झाडावर चढलेल्यालाही दिसते. पंच असतात, पण त्यांनी हात वर करण्याआधीच गर्दी निकाल देऊन मोकळी झालेली असते. पाठ लागलीच नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवायची, दोघांना इनाम वाटून द्यायचे आणि पुढची जोड बोलवायची. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर येथे विकणारा आणि घेणारा या दोघांकडेही मालाविषयी सारखीच माहिती असते, म्हणून व्यवहारात फसवणुकीची शंका उरत नाही.

गुणांच्या कुस्तीत ही समानता मोडते. पंचाला जे दिसते ते प्रेक्षकाला दिसत नाही, आणि दिसले तरी त्याची किंमत कळत नाही. त्यातून पुण्याची ती लढत मातीवर होती. माती म्हटल्यावर गावच्या माणसाला ती आपली वाटली. त्याने आपले माप लावले आणि पाठ कुठे टेकली हे शोधू लागला. पंच मात्र पाठीचा कोन मोजत होते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतील, पण एकाच मातीवर दोन भाषा बोलल्या जात होत्या आणि मध्ये दुभाषा नव्हता. वास्तविक फडाला असा दुभाषा असतो, तो म्हणजे निवेदक. हलगी कडाडत असताना तो पैलवान कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, आता पट काढला, आता घिस्सा मारला, हे सारे सांगत असतो. आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आलेला माणूसही संध्याकाळपर्यंत ढाक आणि मोळी यांतला फरक ओळखू लागतो, तो या निवेदकाच्या कृपेने. राज्य पातळीवरच्या स्पर्धेत झगमगाट वाढला, पाहुण्यांचे सत्कार वाढले, बक्षिसात चारचाकी गाड्या आल्या. हे दुभाषाचे काम मात्र त्या मानाने मागे पडले.

या बाबतीत अमेरिकेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. तिकडच्या फुटबॉलचा आपल्या फुटबॉलशी फारसा संबंध नाही. चेंडू लंबगोल, खेळ बव्हंशी हातांनी, आणि नियम असे की अमेरिकेबाहेरचा माणूस चक्रावून जावा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, न जमल्यास चेंडू दुसऱ्यांच्या हाती, हे त्याचे सूत्र. त्याच्या अजिंक्यपदाची लढत, म्हणजे ‘सुपर बोल’, दहा कोटींहून अधिक लोक पाहतात. त्यांतले कित्येक वर्षभर एकही सामना न पाहणारे असतात. कोणी मध्यंतरातल्या गाण्यासाठी बसतो, कोणी जाहिरातींसाठी, कोणी शेजाऱ्याकडे मेजवानी आहे म्हणून. जाणकार तिकडेही नाके मुरडतात. पण खेळ दाखवणाऱ्यांनी काय केले? १९९८ सालापासून त्यांनी दूरदर्शनच्या चित्रात मैदानावर एक पिवळी रेघ आखायला सुरुवात केली. प्रत्यक्ष मैदानावर ही रेघ नसते, ती फक्त घरी बसलेल्याला दिसते. चेंडू कुठवर न्यायचा आहे ते तिच्यामुळे नियम न वाचलेल्यालाही उमगते. एका रेघेने कोट्यवधी नवख्यांना खेळाच्या आत घेतले. आपल्याकडे पडद्याच्या कोपऱ्यात ‘चार गुण, कारण पाठ धोक्याच्या कोनात’ एवढे सहा शब्द उमटवायला फार मोठे भांडवल लागले नसते.

मात्र ‘सुपर बोल’च्या जन्माची कथा याहून महत्त्वाची आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत या खेळाच्या दोन प्रतिस्पर्धी संघटना होत्या. प्रत्येकीचे आपापले संघ आणि आपापला अजिंक्यवीर. दोघींनी खेळाडूंच्या किमती एकमेकींविरुद्ध चढवत नेल्या आणि दोघीही जेरीस आल्या. १९६६ साली त्यांनी एकत्र येण्याचा करार केला. १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजलिसला दोन्हींच्या विजेत्यांची पहिली लढत झाली, तेव्हा मैदानाचा सुमारे तिसरा हिस्सा रिकामा होता. १९७० पासून दोन्ही संघटना पूर्णपणे एक झाल्या. आज जगभर गाजणारी ही लढत एका साध्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सुरू झाली. प्रश्न नवख्या माणसाचा होता: दोघांतला खरा विजेता कोण?

हाच प्रश्न आज महाराष्ट्रातला नवखा प्रेक्षक विचारतो आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगावला ‘महाराष्ट्र केसरी’ झाली. सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चितपट केले. या निकालावर कोणी ब्र काढला नाही. आदल्या हंगामात ज्यांनी रान उठवले होते ते आणि ज्यांनी पंचांची बाजू घेतली होती ते, दोघेही समाधानाने घरी गेले. पाठ लागली होती आणि ती सर्वांना दिसली होती. परंतु त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेची ‘महाराष्ट्र केसरी’ झाली आणि तिथे गदा शिवराज राक्षेने उचलली. एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी! ज्याने ज्याला हरवले, ते दोघेही राज्याचे अजिंक्यवीर.

किताब म्हणजे नुसते भूषण नव्हे, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. या नावावर पुढच्या यात्रांतली पैलवानाची बोली ठरते. बदाम, दूध, तूप यांचा खुराक वर्षभर पुरवून कर्जबाजारी झालेला शेतकरी बाप याच नावाकडे डोळे लावून बसलेला असतो. २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे गदा जिंकणाऱ्या विजय चौधरीला शासनाने पोलीस उपअधीक्षकाचे पद दिले. ज्या नावावर सरकारी पद मिळू शकते ते नाव एका अर्थाने चलनी नाणेच होय, आणि एकाच मूल्याचे नाणे दोन टांकसाळी पाडू लागल्या तर त्याचे काय होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तोटा टांकसाळीच्या मालकांचा होत नाही. तो ज्याच्या खिशात नाणे आहे, त्याचा होतो.

नवखे प्रेक्षक म्हणजे केवळ उपद्रव, असे मानणाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये सांगलीला झालेल्या पहिल्या महिला ‘महाराष्ट्र केसरी’चेही स्मरण ठेवावे. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून पहिली गदा मिळवली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या फडाकडे बायकांनी फिरकायचे नाही असा दंडक होता, त्या खेळाचा मानाचा किताब एका मुलीने घेतला. ही लढत ज्या आयाबहिणींनी कौतुकाने पाहिली, त्यांतल्या बहुतेकींना एकलंगी आणि दुहेरी पट यांतला भेद सांगता आला नसता. त्यांना कुस्ती कळत नाही म्हणून दूर ठेवायचे ठरवले, तर उद्याची प्रतीक्षा कोणत्या घरातून यायची?

चितपट झाली म्हणजे वाद मिटतो, हा आधारही पुढे डळमळला. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पंचांनी शिवराज राक्षेला चितपट घोषित करून पृथ्वीराज मोहोळला विजयी ठरवले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे होते. चित्रीकरण पाहण्याची मागणी मान्य झाली नाही आणि पुढे त्याने पंचांची कॉलर धरून लाथ मारली. नंतरच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडनेही निर्णयावर रागावून शेवटच्या क्षणी गादी सोडली. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात टाकणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात शंका नाही. परंतु ज्या पिढीतला प्रत्येक जण खिशात चित्रफीत घेऊन फिरतो, तिला चित्रीकरण दाखवायला नकार देणे म्हणजे संशयाला आमंत्रणच. पंच बरोबर असतील तर पाच मिनिटांत ते सिद्ध झाले असते.

त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, मार्च २०२५ च्या अखेरीस, कर्जतला पुन्हा एक ‘महाराष्ट्र केसरी’ झाली आणि सोलापूर जिल्ह्याच्या वेताळ शेळकेने ती जिंकली. त्या साली कराड-विटा रस्त्यावरच्या एखाद्या चहाच्या हॉटेलात बारा वर्षांच्या पोराने शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या वस्तादाला ‘आबा, यंदाचा महाराष्ट्र केसरी कोण?’ असे विचारले असते, तर ज्यांना एकूण एक डावाचे नाव पाठ आहे त्या वस्तादालाही आधी कपबशी खाली ठेवून ‘कुठला म्हणतोस, नगरचा का कर्जतचा?’ असे विचारावे लागले असते.