चित्रपटाची झलक

अलिबाग, रेवदंडा वा मुरूड यांपैकी कोणत्याही गावच्या मासळीबाजारात सकाळी गेलात, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. कोळीण आपल्या पाटीत मासळी कशीही टाकीत नाही. रुपेरी, टपोरी पापलेटे ती वर मांडते. लहानसहान मासळी खाली असते. जाणते गिऱ्हाईक मात्र वरची चकाकी पाहून भुलत नाही. ते माशाचा कल्ला उघडून पाहते आणि आत तांबडेलाल दिसले तरच दाम विचारते.

चित्रपटाची झलक, जिला आपण सारे ‘ट्रेलर’ म्हणतो, तीही अशीच वरून मांडलेली पाटी होय. फरक एवढाच, की येथे कल्ला उघडून पाहण्याची सोय नसते.

ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या गाडीलाही ट्रेलर म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. दोन्ही शब्द एकच आहेत. ट्रेलर म्हणजे मागून ओढत येणारे. पूर्वी ही झलक मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवीत असत, म्हणून तिला हे नाव पडले. परंतु चित्रपट संपताच प्रेक्षक उठून चालू लागत! म्हणून पुढे झलक आधी दाखवू लागले. नाव तेवढे जुनेच राहिले. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी 1913 साली एका संगीत नाटकाच्या जाहिरातीसाठी अशी छोटी फीत दाखविण्यात आली. ती पहिली झलक मानतात. योगायोग असा, की त्याच वर्षी 3 मे रोजी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

आता मारामारी आणि विनोद यांचे मिश्रण असलेल्या चित्रपटांची झलक कशी असते, ते पाहू. ही रचना मोठी अवघड असते. दोन-अडीच मिनिटांत प्रेक्षकाला दोन गोष्टी पटवून द्यावयाच्या असतात: येथे भय आहे, आणि तरीही भिण्याचे कारण नाही. दीर्घ वर्णनाला तर मुळीच वेळ नसतो. म्हणून झलक करणारे कलावंत प्रेक्षकाला आधीच ओळखीच्या असलेल्या खुणांचा आधार घेतात. मुखवटा दिसला की खलनायक, गबाळा वेष आणि गोंधळलेली मुद्रा दिसली की विनोदी गडी, हे आपण कोणी न सांगता जाणतो. “अलिबागहून आलास काय?” असे मुंबईकर कोणाला म्हणतो, तेव्हा तो याच प्रकारे थोडक्यात एक भोळा माणूस उभा करतो. आपणां किनाऱ्यावरच्या लोकांना ही थट्टा रुचो वा न रुचो, तिचा अर्थ मात्र क्षणात कळतो!

मराठीत अशा चित्रपटांचे नाव काढले, की महेश कोठारे यांचे चित्रपट आठवतात. त्यांतील खलनायकांची नावेच पाहा. ‘थरथराट’ (1989) मध्ये टकलू हैवान, ‘धडाकेबाज’ (1990) मध्ये कवट्या महाकाळ आणि ‘झपाटलेला’ (1993) मध्ये तात्या विंचू. ‘तात्या’ हे घरातील वडीलधाऱ्या माणसाला हाक मारण्याचे नाव; त्याला ‘विंचू’ जोडताच अंगावर काटा येतो आणि हसूही फुटते. ‘हैवान’ भयंकर खरा, पण ‘टकलू’ म्हटल्यावर त्याचा दरारा निम्मा उतरतो. अशी नावे म्हणजे एका शब्दाची झलकच म्हणावी लागेल. त्यात तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांनी घडविलेला बोलका बाहुला! खेळण्याच्या हाती शस्त्र आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे यांचा घाबरलेला चेहरा. एवढी दोन चित्रे शेजारी ठेवली, की चित्रपट कशा जातीचा आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

भय आणि हास्य यांची ही जोडी सिनेमाने नव्याने शोधली, असे मात्र समजू नका. कोकणातील नमन-खेळ्यांत काळ्या वेषातला संकासुर येतो, तेव्हा लहान मुले आईच्या पदराआड दडतात आणि थोड्याच वेळाने त्याच्या चाळ्यांना खदखदून हसतात.

झलकेतील सर्वांत मोठी युक्ती कानाची आहे. ढोल-नगारे वाजू लागतात, गाड्या उलटतात, काचा फुटतात, नायक धावत येतो, आणि एकाएकी सारे आवाज बंद! त्या शांततेत नायकाचा पाय घसरतो, किंवा त्याची आई विचारते, “जेवलास का रे?” मन पराक्रमाची वाट पाहत असते आणि पुढ्यात येते घरगुती गोष्ट, म्हणून हसू येते. हीच आई ढोल चालू असताना बोलली असती, तर कोणी हसले नसते. चित्रपटाचे नाव झळकल्यावरही बहुधा आणखी एक लहानसा विनोद ठेवलेला असतो. घरी परतताना तोच ओठांवर राहावा, हा त्यातला हेतू.

हे सारे जुळविणारा संकलक पुष्कळदा चित्रपटाच्या संकलकाहून निराळा असतो. एका प्रसंगातील प्रश्नाला तो दुसऱ्याच प्रसंगातील उत्तर जोडू शकतो. चित्रपटाचे पार्श्वसंगीत तयार नसेल, तर दुसरे संगीत घालतो. त्यामुळे झलकेत दिसले ते चित्रपटात तसेच असेल, असे नाही.

यावरून एकदा खटलाही झाला. 2016 साली ‘फॅन’ नावाच्या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत एक गाणे दाखविले जात असे. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील एक शिक्षिका ते पाहून कुटुंबासह चित्रपटाला गेल्या. पाहतात तो चित्रपटात ते गाणेच नाही! मुले हिरमुसली. बाईंनी ग्राहक न्यायालयात दाद मागितली. राज्य आयोगाने त्यांना 10,000 रुपये भरपाई आणि 5,000 रुपये खर्च देवविला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. 22 एप्रिल 2024 रोजी त्या न्यायालयाने आधीचा निर्णय रद्द केला. झलक ही प्रेक्षकाला उत्सुक करण्यासाठी असते. ती दाखविल्याने निर्माता आणि प्रेक्षक यांच्यात कोणताही करार होत नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले.

बाईंचे म्हणणे अगदीच वावगे होते, असे मला वाटत नाही. तिकिटाचे पैसे त्यांनी गाण्याच्याही आशेने दिले होते. पण कायद्याच्या दृष्टीने त्यांनी विकत घेतला होता तो चित्रपट, त्याची झलक नव्हे.